किल्ल्यावरून दिव्याकडे जाणारी वाट

ती घटना आठवली की मला आधी वारा आठवतो, माणसं त्यानंतर. माझा जन्म नागपूरचा, नोकरीही बहुतेक विदर्भातच झाली. मोठं पाणी म्हणजे अंबाझरी, एवढीच आमची धाव. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो सरकारी कामावर, आणि तोही खुनाचा संशय असलेल्या एका म्हाताऱ्याला बरोबर घेऊन. तुमची सगळ्यात मोठी केस कोणती, असं लोक निवृत्त अधिकाऱ्याला हमखास विचारतात. दरोडा नाहीतर दंगल ऐकायला मिळेल असं त्यांना वाटतं. मी त्यांना ही सांगतो. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही, कारण त्या माणसांची नातवंडं आज चारचौघांत वावरत आहेत.

आणीबाणी उठून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. मी सक्करदऱ्याच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, गस्तीवरून आलेले शिपाई पट्टे सोडत होते आणि ठाणे अंमलदार डायरी पुढे ओढून बसला होता. तेवढ्यात एक गृहस्थ लेखी अर्ज घेऊन आले. त्यांची थोरली बहीण वस्तीतल्या मंडळींबरोबर कोकणच्या सहलीला गेली होती. सगळे परत आले, ती आली नाही. मेहुण्यानं तिला समुद्रात ढकलून दिलं, असं अर्जात सरळ लिहिलं होतं.

हे मेहुणे म्हणजे एका सरकारी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. वस्तीत सगळे त्यांना बडेबाबू म्हणत. काळी टोपी, इस्त्रीचा पांढरा सदरा, शब्द मोजून. या वस्तीत ते दोन-तीन वर्षांपूर्वीच घर बदलून आले होते. नवरा-बायको दोघंच. मूलबाळ नाही, असं शेजारीपाजारी सांगत.

सहलीच्या मंडळींना मी एकेक करून बोलावलं. शिमगा झाल्यावर त्यांनी एसटीची एक गाडी ठरवून घेतली होती. देवळं झाली, आंब्याच्या बागा झाल्या, आणि एका दुपारी गाडी समुद्रात घुसलेल्या एका डोंगराच्या पायथ्याशी थांबली. वर जुना पडका किल्ला. तिथून पाऊलवाटा फुटतात. एक खाली वाळूच्या पुळणीवर उतरते, एक तटाच्या कडेकडेनं टोकावरच्या दीपगृहाकडे जाते. हे ठिकाण सहलीत घालायचा आग्रह काकूंचाच, म्हणजे बेपत्ता बाईंचाच होता, असं सहल नेणाऱ्यानं सांगितलं. मंडळी वर गेली, कमानीखाली बसून दशम्या खाल्ल्या, फोटो काढले. उतरताना बडेबाबू एकटेच आले. काकू कुठे, असं विचारल्यावर म्हणाले, "तिच्या वळखीचे हायेत इथं. राहिली ती." लोक गाडीत बसले. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

नागपूरला आल्यावर भावानं छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्या मुलखात आमचं कोणी म्हणजे कोणी नाही. झालं! तिथून सगळ्यांच्या आठवणी फिरल्या. एकाला दोघांचं भांडण आठवलं. दुसऱ्यानं किंकाळी ऐकली होती. गाडीत बसल्यावर त्यानं पोटभर झोप काढली होती, ती गोष्ट वेगळी. शेजारीण म्हणाली, "तटाच्या काठावर तिची चप्पल पाहिली मी, साहेब. माह्या डोळ्यानं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तवा काहून बोलू? तवा कोणाच्या मनात होतं असं?"

बाई खोटं बोलत नव्हती. नोकरीत मी पुढेही पाहिलं, एकदा संशय आला की माणसाला मागचं सगळं दिसायला लागतं, आणि जे दिसतं ते खरंच पाहिलं होतं असं त्याला मनापासून वाटतं. चप्पल मात्र मी बाजूला काढून ठेवली. ती कल्पनेतून आली नसावी.

मग बडेबाबूंना बोलावलं. ते वेळेवर आले, टोपी सरळ केली आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाई कुठे आहेत?"

"सांगतलं ना. राहिली तिकडं."

"कोणाकडे?"

"हायेत वळखीचे."

"नाव सांगा. मी आत्ता संदेश पाठवतो, संध्याकाळी तुम्ही मोकळे."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "मले अंदर टाकाचं असंन तं टाका. नाव मी घेणार नाही."

चार वेळा बोलावलं, चारही वेळा हेच. हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, अर्धा तास माझ्याकडे द्या." मी नाही म्हणालो. वयाचा विचार होताच, पण दुसरंही एक कारण होतं. अपराधी माणूस उत्तरं तयार करून येतो, आणि गरजेपेक्षा जास्त तयार करतो. या माणसानं एकही केलेलं नव्हतं. शिवाय बायकोचा विषय निघाला की त्याच्या कपाळाची शीर उडायची. रुसलेल्या माणसाचा तो राग होता. मेलेल्या बायकोवर कोणी असं रुसत नाही.

पण माझ्या वाटण्यावर ठाणं चालत नसतं. भाऊ रोज दारात येऊन बसायचा. वस्तीनं तर निकाल देऊनच टाकला होता. दूधवाल्यानं रतीब बंद केला, पानठेल्यावर बडेबाबू दिसले की लोक उठून जायचे. वरच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, या आठवड्यात काय ते ठरवा, नाहीतर तीनशे दोन लावून अटक करा. अटक झाली असती तर हा माणूस तोंड न उघडता जेलमध्ये गेला असता, याबद्दल मला शंका नव्हती.

मी पंच घेऊन त्यांच्या घराची झडती घेतली. घर स्वच्छ, पण चूल कित्येक दिवसांत पेटलेली नव्हती. बडेबाबू खानावळीत जेवत होते. फळीवर एक पितळी डबा होता. उघडला तर तळाशी दोन लाडू, वाळून दगड झालेले. एक फोडून पाहिला. आत पांढरे, फुललेले दाणे होते. प्रवासाला लोक लाडू नेतातच, त्यातलेच उरलेले असतील असं वाटलं. डबा होता तिथं ठेवला.

"खाल्ले नाहीत?" मी सहज विचारलं.

"माह्यासाठी नव्हते ते," बडेबाबू म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्याच आठवड्यात माझी साप्ताहिक सुट्टी आली. माझी बायको पहिल्या बाळंतपणाला सावनेरला माहेरी गेली होती. मुलगी झाली होती आणि केसच्या धांदलीत मी लेकीचं तोंड एकदाच पाहिलं होतं. दुपारी बसनं पोचलो. ऊन असं, की कौलं पाहवत नव्हती. आत सासूबाई चुलीपुढे घामानं निथळत बसल्या होत्या, कढईत तूप कढत होतं.

"जावईबापू, तुमी वसरीत बसा. इथं गरमीनं जीव जाऊन राहिला."

"मग या उन्हात कशाला करत बसलात, मामी?"

"काहून म्हणजे? बाळंतीण हाय ना घरात! हौसेनं कोणी उन्हाळ्यात डिंक तळते का? बाळंतिणीले लागतेच. तुमी खाल तं नाकातून रक्त येईन."

त्यांनी झारा उचलला. झाऱ्यावर डिंक फुलून आला होता, पांढरा, हलका. माझ्या डोळ्यांपुढे तो पितळी डबा आला. आतून माझी लेक रडायला लागली, बायकोनं हाक मारली, आणि मी खिळल्यासारखा कढईकडे पाहत उभा.

"काय झालं वं यायले?" सासूबाई मुलीला विचारू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी भावाला बोलावलं. नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवले. "तुमच्या बहिणीला मुलगी आहे का?" एवढंच विचारलं.

तो गृहस्थ पाहता पाहता खाली बसला. बराच वेळ उपरण्यानं तोंड पुसत राहिला. "होती," म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे हाय. पण आमच्यात तिचं नाव घेत नाही." एकुलती एक मुलगी, शिकलेली. जातीबाहेर लग्न केलं. बडेबाबूंनी त्या रात्री अंघोळ केली आणि मुलगी मेली असं जाहीर केलं. सगळ्या भाऊबंदांनी मान डोलावली. जुनी वस्ती सोडून ते इकडे राहायला आले.

"मुलगा कुठला?"

"कोकणातला. समुद्रावर दिवे लावते म्हणे. दीपगृहात नोकरीले हाय..." आणि तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. "साहेब, देवाशपथ, माह्या डोक्यातच आलं नाही!"

माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. त्यानं काही लपवलं नव्हतं. भाचीला त्या घरानं इतक्या एकमतानं पुसून टाकलं होतं की बहीण कोणाकडे गेली असेल याचा विचार करताना समुद्र आठवला, कडा आठवला, खून आठवला, मुलगी आठवली नाही.

कोकणातल्या त्या ठाण्याला मी बिनतारी संदेश पाठवला. गाजावाजा न करता फक्त एवढं पाहा, की दीपगृहाच्या वसाहतीत नागपूरची कोणी वयस्क बाई आहे का. उत्तर आलं: आहे, सुखरूप आहे, मुलीच्या बाळंतपणासाठी आली आहे. मुलगी आणि बाळ ठीक.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. मुलीला माहेर बंद झालं होतं, म्हणून आई डिंकाचे लाडू बांधून माहेरच घेऊन तिच्याकडे गेली होती. माझ्या बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती पदरात तोंड लपवून रडली. मलाही भरून आलं, पण वर्दीत होतो.

कागदावर प्रकरण तिथेच मिटलं. तिथल्या फौजदारानं बाईंचा जबाब पाठवला असता, मी अर्ज निकाली काढला असता. पण मग काय झालं असतं? बडेबाबू निर्दोष म्हणून खानावळीत जेवत राहिले असते, आणि काकू परत आल्या असत्या तर कोणत्या घरात? मी साहेबांपुढे जाऊन सांगितलं, बाईंची ओळख नवऱ्यानं प्रत्यक्ष पटवली पाहिजे, जागाही त्यानंच दाखवली पाहिजे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अशी काही सक्ती नसते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी प्रवासाच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "जा. समुद्र पाहून या."

बडेबाबूंना मी फक्त एवढंच सांगितलं, की घटनास्थळ पाहायला जायचं आहे. रेल्वेनं कोल्हापूर, तिथून एसटीनं घाट उतरून किनारा. वाटेत मी त्यांना काही विचारलं नाही, त्यांनी मला काही सांगितलं नाही. बायको कुठे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही शेंगदाणे खात शेतं पाहत बसलो होतो.

डोंगर चढायला लागलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. जांभ्या दगडाची लाल वाट, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. वर पोचलो आणि समोर एकदम समुद्रच. तिन्ही बाजूंनी. तट जागोजागी ढासळलेला, बुरुजाच्या भेगेत चाफा उगवलेला, खाली लाटा फुटत होत्या त्याचा आवाज थोडा उशिरा वर येत होता. वारा असा की बडेबाबूंनी टोपी काढून बगलेत धरली. त्यांचं टक्कल मी तेव्हा प्रथम पाहिलं. हा करारी माणूस टोपीशिवाय अगदी साधा, थकलेला दिसत होता.

कमानीपाशी येऊन ते थांबले. "इथंच," म्हणाले.

मी कमानीच्या दगडाला टेकलो.

"इथं बसून तिनं पायलीभर धीर गोळा केला असंन. मंग मले म्हणे, पोरीचे दिवस भरले. तो पांढरा दिवा दिसते ना, तिथं हाय ती. चालता का? म्हटलं, गेली तं तूही मेली मले." त्यांनी दीपगृहाकडे जाणाऱ्या वाटेवर बोट दाखवलं. "उठली अन् गेली. चपलेचा अंगठा तुटला, तं चप्पल तिथंच टाकली. अनवाणी गेली या दगडावरून. आजवर माह्या शब्दाबाहेर नव्हती गेली, साहेब."

"तुम्ही हाक मारली नाहीत?"

"मारणार होतो. आवाजच निघाला नाही." मग म्हणाले, "नाव तं काय सांगू तुमाले? एवढे दिवस पोरीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. ठाण्यात काढू?"

खुनी म्हणवून घ्यायला हा माणूस तयार होता, पण बायको मुलीकडे गेली एवढं म्हणायला तयार नव्हता. मला त्याचा रागही आला आणि गलबलूनही आलं.

"तुमाले कवा समजलं?" त्यांनी विचारलं.

"सावनेरला."

"सावनेरले? तिथं कोणं सांगतलं?"

"माझ्या सासूबाईंनी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की याला ऊन लागलंय.

"चला," मी म्हणालो, "ओळख पटवायची आहे."

"तुमी जा. मी इथंच बसतो."

"तसं चालत नाही. नवऱ्यालाच यावं लागतं. कायदा आहे."

असा काही कायदा नव्हता. पण जन्मभर कचेरीत काढलेला माणूस, कायदा म्हटल्यावर उठला. तटाच्या कडेनं वाट उतरत होती. एका ठिकाणी दगड निसटला, मी हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. पुढच्या वळणावर मात्र माझा दंड धरला आणि वसाहतीच्या फाटकापर्यंत सोडला नाही.

दीपगृहाच्या पायथ्याशी दोन-तीन बैठी घरं होती. एका घराच्या मागच्या बाजूला दगडावर काकू पाट टाकून बसल्या होत्या. पाय लांब केलेले आणि पायांवर एवढंसं तेलानं चमकणारं बाळ पालथं घातलेलं. शेजारी कढत पाण्याचं घमेलं, तांब्या. त्यांनी वर पाहिलं. आधी माझी वर्दी दिसली, मग माझ्यामागे टोपी बगलेत धरून उभा असलेला नवरा.

त्या दचकल्या, पण उठणार कशा? पायांवर नात होती. डोळे भरून वाहायला लागले, तरी हात बाळाच्या पाठीवरून फिरतच राहिला. वाऱ्यानं बाळानं अंग चोरलं आणि भोकाड पसरलं.

"अहो, उभे काय राहिले?" काकू म्हणाल्या. "पाणी टाका ना. पोर गारठून राहिली."

बडेबाबूंनी टोपी माझ्या हातात दिली. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, उकिडवे बसले आणि तांब्या भरून धार धरली. अर्धं पाणी काकूंच्या लुगड्यावर गेलं.

आतून क्षीण आवाज आला, "कोण आलं वं आई?"

काकूंनी बाळाला उताणं केलं. त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. बडेबाबूंनी आणखी एक तांब्या ओतला. मोठ्यानं म्हणाले, "मी आलो वं बाई. तुह्या मायले सांग, पाणी लय कढत घेते ही."

आत खाट करकरली. मग जे रडणं ऐकू आलं ते ऐकत उभं राहणं माझ्या कामात बसत नव्हतं. मी फाटकाबाहेर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो, हातात ती काळी टोपी घेऊन.

बाईंचा जबाब मी दुसऱ्या दिवशी घेतला. बडेबाबू परत निघायला तयार होईनात. सव्वा महिना होईस्तोवर थांबतो म्हणाले, जणू ठरवूनच आले होते. मी एकटाच नागपूरला आलो. साहेबांनी अहवाल वाचला आणि सगळ्या ठाण्यापुढे म्हणाले, "बाई हरवली म्हणून पाठवलं, तर हा बुवालाही हरवून आला." वस्तीतल्या ज्या साक्षीदारानं किंकाळी ऐकली होती तो पुढे कित्येक दिवस मला पाहून रस्ता ओलांडायचा.

या केसनं मला एक प्रश्न शिकवला. त्यानंतर बेपत्ता माणसाचा अर्ज आला की कोणावर संशय आहे, कुठे नातेवाईक आहेत, हे सगळं मी लिहून घ्यायचो. मग लेखणी खाली ठेवून विचारायचो, "तुमच्या घरात असं कोणी आहे का, ज्याचं नाव घेत नाहीत?"

पहिलं उत्तर नेहमी एकच यायचं, "नाही." घरातला मोठा माणूसच ते द्यायचा. मी वाद घालत नसे. सगळ्यांसाठी चहा मागवायचो आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईकडे पाहायचो. चहा यायच्या आत ती हळूच एक नाव सांगायची.